माळ्यावरचं खोकं

किस्से सांगायचे म्हणून कुणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. ड्रॉवरमध्ये जुने चार्जर साठतात ना, तसे! कुठला कशाचा ते आठवत नाही, फेकवतही नाही, आणि एक ओढायला गेलं की चार गुंतून बाहेर येतात. आमच्या घरच्या सर्व्हरचं तेच झालंय. कुणी चहाला आलं, माळ्यावर लुकलुकणारा हिरवा दिवा बघून "हे काय?" म्हणालं, की मी एक किस्सा सांगायला घेतो आणि आतनं बायको ओरडते, "झालं सुरू! पाहुणे, आता जेवूनच जावा!"

पूर्वी हे किस्से आम्ही तिघं मिळून सांगायचो. एकाचं वाक्य दुसरा तोडायचा, शेवट तिसराच मारून न्यायचा. आता मी एकटाच सांगतो. सगळे शेवट माझ्याच वाट्याला येतात, आणि खरं सांगू? तेवढी मजा येत नाही.

तिघं म्हणजे मी, इरफान आणि बापू. मी कळंबमध्ये एका कॉलेजात लॅब असिस्टंट, म्हणून हे दोघं मला 'मास्तर' म्हणायचे. इरफानचं बसस्टँडजवळ मोबाईल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. बापूची ढोकीजवळ उसाची शेती. आणि सर्व्हर म्हणजे काय, तर दिवसरात्र चालू राहणारा एक कॉम्प्युटर. घरातले फोटो, व्हिडिओ त्यात ठेवायचे आणि बल्ब, कॅमेरे, भोंगे त्याच्या हुकमात चालवायचे. मोठ्या शहरात लोक यासाठी कंपनीची माणसं बोलावतात. आम्ही भंगार, चिकटपट्टी आणि इंटरनेटवरचे व्हिडिओ यांवर भागवलं!

*

हे खोकं मुळात इरफानच्या नेट कॅफेतलं. दुरुस्तीच्या दुकानाआधी त्याचा कॅफे होता. अर्ध्या कळंबनं परीक्षेचे फॉर्म तिथं भरले, अर्ध्यानं निकाल तिथं बघितले. पुढं प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला आणि कॅफे रिकामा पडला. कॉम्प्युटर भंगारात गेले. एक तेवढा इरफाननं ठेवून घेतला आणि माझ्या घरी आणला.

त्याच्यावर कॅफेच्या काळातली चिठ्ठी चिकटलेली होती. 'वेळ संपली की उठावे. मागे लोक थांबले आहेत.'

मी ती खरवडायला लागलो, तर इरफाननं हात धरला.

"रहने दो मास्तर. मागं लोक थांबायचे, त्याचा एवढाच पुरावा उरलाय!"

*

पहिलं मोठं काम म्हणजे आवाजानं दिवा लावणं. इरफाननं कुठून तरी मराठी समजणारा प्रोग्रॅम शोधला, मी एक छोटा माईक आणि स्पीकर बैठकीत बसवला. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यांना सांगितलं, "आता बटणापर्यंत उठायचं न्हाय. नुसतं बोला."

अण्णा खुश! पलंगावर मांडी घालून म्हणाले, "ए बाई, जरा उजेड कर की."

स्पीकर म्हणाला, "क्षमस्व, मला समजले नाही."

"अगं, लाईट लाव म्हन्तोय!"

"क्षमस्व, मला समजले नाही."

अण्णांनी अर्धा तास तिला समजावलं. शेवटी माझी मुलगी सई पुढं झाली, तेव्हा ती चौथीत होती. पुस्तकातल्यासारखं स्पष्ट म्हणाली, "दिवा चालू करा." लख्ख उजेड!

त्या दिवसापासून अण्णांनी मनावर घेतलं. तहसीलदारासमोर उभं राहावं तसं घसा साफ करून ते रोज म्हणायचे, "दिवा, चालू, करा." आम्ही हसून लोळायचो. मग ते तिच्याशी बोलायचं तसं आमच्याशीही बोलायला लागले. "सूनबाई, मला पाणी हवे आहे." कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्यांचे दोस्त विचारायला लागले, "अण्णाला काय झालंय? पाव्हण्यागत बोलतोय!"

एकदा गडबडीत ते जुन्या सवयीनं बोलून गेले आणि सई म्हणाली, "आजोबा, तुम्ही चुकीचं बोलताय."

अण्णा म्हणाले, "चुकीचं न्हाय गं बाळा. हितलं बोलतोय."

आणि उठून त्यांनी बटण दाबलं. त्यानंतर ते त्या स्पीकरशी एक शब्द बोलले नाहीत. मी पुढं बरीच खटपट केली, 'लाव की', 'कर की', 'व्हय', 'न्हाय' सगळं तिला शिकवलं. आता ती सगळं समजते. पण बोलणारा माणूस उठून बटणापर्यंत जातो.

*

मग आम्ही सेन्सरच्या मागं लागलो. माणूस खोलीत आला की दिवा लागणार, हालचाल थांबली की बंद होणार. वीज वाचणार! स्वयंपाकघरात पहिला बसवला. आमच्या हिला, म्हणजे मनीषाला, भाकरीच्या पिठाच्या हातानं बटण दाबावं लागू नये म्हणून.

पंधरा दिवस कौतुक झालं. एका संध्याकाळी मी बैठकीत बसलो होतो. पलीकडं स्वयंपाकघरातला दिवा गेला. लागला. परत गेला. परत लागला. मला वाटलं बल्ब खराब झाला. आत गेलो, तर मनीषा ओट्याला टेकून स्टुलावर बसली होती. सगळं आवरून झालं होतं. ती नुसती बसली होती. दिवा गेला की एक हात वर करून हलवायची, दिवा लागला की हात खाली.

"काय करतीयस?"

"काय न्हाय. जरा टेकले होते," ती म्हणाली. "भारी यंत्र बसवलंय तुमी. मी काम करत असले तरच ह्या घराला दिसते. जरा टेकले की अंधार!"

मी हसलो. ती पण हसली.

मी लगेच टायमर वाढवला. तेवढंच मला येत होतं.

*

नळाचा किस्सा गल्लीत अजून सांगतात. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही. मग मी नळाच्या पाईपला एक सेन्सर लावला. आत पाणी वाहायला लागलं की गच्चीवरचा भोंगा वाजणार, "पाणी आलं हो! पाणी आलं!" आवाज सईचा.

पहिल्यांदा भोंगा वाजला आणि गल्लीनं मला डोक्यावर घेतलं. समोरच्या पार्वतीकाकूंनी वाटीभर शेंगदाण्याचे लाडू पाठवले. मला तर नगरसेवक झाल्यासारखं वाटलं!

पण नळाला पाण्याआधी हवा येते. सूं सूं करत हवा यायची, सेन्सरची चक्री फिरायची आणि भोंगा बोंबलायचा. एकदा भर दुपारी सगळ्या बायका घागरी घेऊन आपापल्या नळावर, आणि नळातनं नुसती फुंकर! पार्वतीकाकूंची भाकरी तव्यावर जळून कोळसा झालेली. काकू कमरेवर हात ठेवून माझ्या दारात.

"तुझ्या मशीनला पाणी दिसतंय व्हय रं? आमाला तर वारं दिसतंय!"

असं तीन-चारदा झालं आणि गल्लीनं ठरवलं, भोंगा नको. मी काढून टाकला.

यात हसण्यासारखं इथपर्यंतच आहे. भोंगा यायच्या आधी आमच्या गल्लीत एक पद्धत होती. ज्या घरात पहिल्यांदा पाणी दिसेल ती बाई दारात येऊन पुढच्या घराला हाक मारायची, ती तिच्या पुढच्या. टोकापर्यंत हाक पोचायची. झोपलेल्याला उठवायची, भांडण असलेल्या घरालाही मिळायची. भोंगा काढल्यावर पुढच्या वेळी पाणी आलं आणि गेलं. ज्यांना दिसलं त्यांनी भरून घेतलं. ज्यांना दिसलं नाही ते राहिले.

पार्वतीकाकू राहिल्या. म्हणाल्या, "आवाज कुठं आला? कुनीच हाक मारली न्हाय की!"

*

बापूचं सगळंच दांडगं. त्याच्या उसात रानडुकरं शिरायची. त्यानं बांधावर एक कॅमेरा लावला. कॅमेऱ्यापुढं काही हललं की आमच्या सर्व्हरनं फोटो काढायचा, बापूच्या मोबाईलवर पाठवायचा आणि शेतातला स्पीकर वाजवायचा. स्पीकरसाठी आवाज बापूनं स्वतःच भरला. आमच्या बैठकीत बसून, शिरा ताणून!

"हाड! निघ हितनं! परत बांधावर दिसलास तर तंगडी मोडून हातात दीन!"

सई घाबरून आजीमागं लपली. इरफान म्हणाला, "बस बस! इतक्यानं तर कारखान्यातलं साखरेचं पोतं पन पळंल."

डुकरं खरंच पळाली. महिनाभर बापू छाती काढून फिरत होता.

आता बापूचे सासरे. ते उमरग्याकडचे, जुन्या वळणाचे, ताठ माणूस. बापूनं सोलापूरची नोकरी सोडून शेती धरली तेव्हा ते रुसले होते. "पोरगी नोकरदाराला दिली होती," एवढंच म्हणाले आणि पुढं कित्येक वर्षं त्यांनी बापूच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. पण उतारवयात माणूस विरघळतो. एका दुपारी कुणालाही न कळवता ते एसटीनं आले. घरी न जाता आधी शेतावर गेले. जावयाचा ऊस बघू म्हणून.

बापू तेव्हा कारखान्यावर ट्रॅक्टरच्या रांगेत उभा. मोबाईल वाजला. वर लिहिलेलं, 'सावधान! रानडुक्कर.' खाली फोटो. फोटोत पांढरं धोतर, पांढरा फेटा आणि हातात केळीचा घड.

बापू ट्रॅक्टर तिथंच सोडून पळाला. पोचला तेव्हा बांधावर केळी पडलेली. सासरे आल्या वाटेनं परत गेले होते.

दुसऱ्या दिवशी बापू स्पीकर पिशवीत घालून मोटारसायकलवर सासुरवाडीला गेला. अंगणात सगळ्यांसमोर मशीन जोडलं, समजावून सांगितलं, आवाज वाजवून दाखवला. "मामा, हे मशीन बोललं. तुमाला न्हाय, डुकराला!"

सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आवाज तुझाच हाय न्हवं?"

"व्हय."

"मग?"

हा किस्सा बापू स्वतः सांगायचा तेव्हा 'मग?' वर थांबून आमच्याकडं बघायचा आणि आम्ही फुटायचो. सासरे पुढं बापूशी बोलायला लागले, लग्नाकार्यात शेजारी बसून जेवले. पण शेतावर पुन्हा आले नाहीत. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्या साली बापूचा ऊस असा झाला होता की रस्त्यानं जाणारी माणसं गाडी थांबवून बघायची. आता बापू हा किस्सा सांगत नाही. मी सांगतो, तोही तो नसताना.

*

इरफानची गोष्ट छोटी आहे. त्याला एकच मुलगी, झोया. तिच्या जन्मापासूनचे सगळे फोटो, पहिलं पाऊल, पहिला दात, शाळेचा पहिला दिवस, सगळं त्यानं आमच्या सर्व्हरवर ठेवलं आणि मोबाईल रिकामा केला. "मोबाईल का क्या भरोसा," म्हणायचा. "पडला, फुटला, चोरीला गेला. हे खोकं कुठं जातंय?"

खोकं कुठंच गेलं नाही. मे महिन्यात माळ्यावर पत्र्याची धग अशी उतरली की आतली डिस्क टक टक टक वाजायला लागली आणि बंद पडली. मी धावत त्याच्या दुकानात गेलो. "इरफान, बॅकअप कुठाय?"

तो म्हणाला, "भाई, यहीच तो बॅकअप था!"

गावातल्या सगळ्यांच्या मेलेल्या डिस्क उघडून फोटो काढून देणारा माणूस तो. स्वतःच्या डिस्कसाठी त्यानं जंग जंग पछाडलं. पुण्याला दाखवली. काही निघालं नाही. नवी डिस्क टाकून खोकं चालू झालं, फोटो गेले ते गेलेच. शेवटी त्यानं घरी सांगितलं. शबानाभाभी शेवया करत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "फोटू का क्या है! बेटी तो ओरिजनल है ना?"

आम्ही सगळ्यांनी तेच धरून त्याला चिडवलं. "ओरिजनल कुठाय? शाळेत गेलीय का?"

पण नंतर कळलं, शबानाभाभींनी साऱ्या नातेवाइकांना फोन केले होते. कुणाच्या लग्नाचे, कुणाच्या ईदचे, कुणाच्या वाढदिवसाचे फोटो मागवले. त्यात मागं, कडेला, कुणाच्या तरी कोपराआड झोया असेल तर. बरेच मिळाले. इरफाननं एकदा ते सगळे मला दाखवले. कुठं नुसती फ्रॉकची झालर, कुठं अर्धा चेहरा, कुठं केकच्या मागं दोन डोळे. एकाही फोटोत ती मधे नाही.

गेल्या वर्षी इरफान दुकान बंद करून मस्कतला नोकरीला गेला. तिकडनं कधीमधी मेसेज येतो, "मास्तर, खोकं चालू आहे ना?" मी फोटो पाठवतो. तो अंगठा पाठवतो.

*

आता मुरुमच्या सुलूमावशीचा किस्सा सांगतो आणि थांबतो.

सुलूमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. काका गेल्यापासून मुरुमला एकटीच राहते. महेश आणि गणेश, तिची दोन्ही मुलं पुण्यात. त्यांनी लई आग्रह केला, पण ती पुण्याला जाईना. मग पोरांनी मला गाठलं. "संजूदादा, आईच्या घरात कॅमेरे बसव. आम्हाला इथनं दिसेल तरी."

मी कॅमेरे घेऊन गेलो. मावशीनं दारातच अडवलं. "मी काय सोनाराचं दुकान हाय का रं? काडून ठेव ते डोळं!"

मग मीच एक मधला मार्ग काढला. मावशी रोज सकाळी उठली की पहिल्यांदा चहासाठी फ्रिजमधनं दूध काढते. फ्रिजच्या दाराला बोटाएवढा सेन्सर लावला. दार उघडलं की आमच्या सर्व्हरला कळणार, आणि महेशच्या, गणेशच्या, माझ्या मोबाईलवर मेसेज येणार, 'मावशी उठली.' कॅमेरा नाही, काही नाही. मावशीलाही समजावून सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच व्हय? मग राहू दे."

झकास चाललं. रोज सकाळी मेसेज यायचा. आम्ही तिघं आपापल्या ठिकाणी तो बघून अंगठा टाकायचो आणि कामाला लागायचो. आधी महेश रोज सकाळी फोन करायचा, आता त्याची गरज राहिली नव्हती. मी केलेल्या सगळ्या उद्योगांत हा एकच बिनचूक निघाला, असं मी चारचौघांत सांगायचो!

एक दिवस मेसेज आला नाही.

मी सर्व्हर तपासला, सगळं ठीक. मुरुममध्ये वीजही होती. मावशीला फोन लावला, वाजत राहिला. तिकडं महेशनंही लावला, गणेशनंही लावला. कुणी उचलेना. शेवटी महेशनं शेजारच्या कमलकाकूंना फोन केला. काकू म्हणाल्या, "तुमी याच. फोनवर काय सांगू?" आणि फोन ठेवला.

पोरं पुण्याहून गाडी काढून सुटली. मला गाडी मिळेस्तोवर दुपार व्हायला आली, शेवटी कॉलेजातल्या एकाची मागून घेतली, आईला बसवलं. आई वाटभर पदर तोंडाला लावून बसली होती. मध्ये महेशचा फोन आला, तर त्याला नीट बोलता येईना. "दादा, मी शेवटचा फोन कधी केला होता रे?" एवढंच विचारत होता.

आम्ही मुरुमला पोचलो आणि पाठोपाठ पोरांची गाडी आली. दार सताड उघडं. दारापुढं सडा, रांगोळी. आतनं पुरण शिजल्याचा वास. आणि इरकल नेसून, केस विंचरून सुलूमावशी दारापुढच्या ओट्यावर बसलेली.

"आलात? हातपाय धुवा. पोळ्या गरमच हाईत."

महेश पायरीवरच बसला आणि पोरासारखा रडायला लागला. गणेश मात्र भडकला. "आई, फ्रिज का उघडला न्हाईस?"

"दूध काल बाहेरच ठेवलं हुतं."

"फोन का उचलला न्हाईस?"

"उचलला असता तर आला असतास?"

"अगं, पण आमचा जीव गेला ना इकडं येईस्तोवर!"

मावशी म्हणाली, "रोज दार उघडते. तुमाला कळतं, म्हातारी हाय. हाय म्हणलं की झालं तुमचं. मग आज म्हणलं, नको उघडायला."

भिंतीपलीकडनं कमलकाकू वाकून बघत होत्या. त्यांना हसू आवरत नव्हतं, आणि डोळ्यांतलं पाणीही. आईनं बहिणीला आधी दोन शिव्या दिल्या आणि मग गळ्यात पडली.

आम्ही सगळे पंगतीला बसलो. पोरांनी लाजंनं असेल नाहीतर भुकेनं, पोळ्यांवर पोळ्या हाणल्या. मावशी तुपाची वाटी घेऊन फिरत होती. लहानपणीच्या गोष्टी निघाल्या, महेशला गाईनं कसं लोळवलं होतं ती पण निघाली. गणेशचाही राग गेला. तो म्हणाला, "आई, तू नाटक कंपनीतच जायला पायजे होतीस!" घर नुसतं हसत होतं.

ऊन उतरल्यावर पोरं निघाली. दुसऱ्या दिवशी दोघांनाही ऑफिस होतं. पाया पडले, "आता रोज फोन करतो" म्हणाले आणि गाडी वळून दिसेनाशी झाली. आई कमलकाकूंकडं निरोप घ्यायला गेली. मी चपला घालत होतो, तेवढ्यात मावशीनं मला खूण करून आत बोलावलं. फ्रिजसमोर उभी राहिली. दारावरच्या त्या पांढऱ्या सेन्सरवर बोट ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं,

"संजू, हे परत चालंल का रं? का एकदाच चालतंय?"